खालाचा गुडघा

खाला माणसाच्या तोंडाकडे आधी पाहायचीच नाही. आधी मनगट. धानोऱ्याच्या आठवडी बाजारात कोणी बाई तिच्या टोपलीपुढे उभी राहिली, की ही बसल्या जागेवरून तिचा हात हातात घेणार, अंगठ्याखालचं हाड चाचपणार आणि म्हणणार, "मागच्या साली सव्वादोनचा होता, औंदा अडीचचा झाला. सासर मानवलं दिसते." मग कुठं मान वर करून ती बाई कोण ते पाहणार. एकदा गावात नव्यानं आलेल्या साहेबांच्या बायकोला तिनं असंच हात धरून खाली मातीत बसवलं. कोणीतरी कानाशी येऊन सांगितलं, अगं, साहेबीणबाई आहेत त्या. खाला म्हणाली, "मी हात पाह्यला. हातावर तं काई लिवलं नाई."

खाला बांगड्या भरायची. चंद्रपूरच्या परकोटाच्या आत, पठाणपुऱ्याच्या बाजूला तिचं घर, आणि घराण्याचा धंदाच तो. तिथून टोपली डोक्यावर घेऊन ती निघे, आणि माजरीच्या खाणीच्या वसाहतीपासून आमच्या धानोऱ्याच्या जंगलापर्यंत फिरे. हिंदूंच्या घरात खाला, गोंडांच्या घरात खाला, ठाण्यातला हवालदारही तिला खालाच म्हणे. तिचा नवरा तरुणपणीच गेला होता, पण तिचे स्वतःचे दोन्ही हात कोपरापर्यंत भरलेले असत. कोणी नाक मुरडलंच तर उत्तर तयार होतं, "मी घातल्या नाई तं ईकू कशी?" लोकांना ते पटायचं. धंदा आहे बिचारीचा, म्हणून सोडून द्यायचे.

आता बांगड्या भरणं म्हणजे काय, हे काचेच्या कपाटातून डबी उचलणाऱ्या आजच्या पोरींना सांगून कळायचं नाही. खाला जमिनीवर उकिडवी बसायची, डावा पाय जरा मुडपून आणि उजवा गुडघा उभा करून. तुम्ही समोर मांडी घालायची. तुमचा हात ती त्या उभ्या गुडघ्यावर ठेवायची, बोटांचे सांधे दाबून तळहाताची पुंगळी करायची आणि बांगडी चढवायची. हात अडला की गुडघा थोडा वर करायची, थोडा आत घ्यायची, आणि काचेची बांगडी हाडावरून अलगद पार. बाईला बोलण्यात गुंतवलेलं असायचंच. तुम्ही नवऱ्याची चहाडी अर्धी सांगेपर्यंत हात भरून झालेला असे. टोपलीत माल होता, पण दुकान तिचा गुडघा होता.

माझे बाबा गेले तेव्हा मी चौथीत होते. आईच्या हातातल्या बांगड्या त्या दिवशी गेल्या त्या गेल्या. आमचं एकत्र धानाचं घर, घरात थोरल्या काकूचा शब्द चाले. खाला दरसाल पोळ्याच्या आधी आमच्या घरी यायची, ओसरीत बसायची, काकूचे, चुलत बहिणींचे, माझे हात भरायची. आणि दरसाल विचारायची, "बाई कुठी?" काकू म्हणायची, "आत हाय. काम करून राह्यली." आई कोठीच्या खोलीच्या दाराआड उभी असायची, हे खालालाही दिसत होतं आणि काकूलाही माहीत होतं. मग खाला आवाज चढवून म्हणे, "बाई, घोटभर पानी दे ना व." आई तांब्या घेऊन बाहेर यायची. खाला पाणी प्यायची, तांब्या परत द्यायची आणि आईच्या रिकाम्या मनगटाकडे एकदा पाहायची. तोंडाकडे पाहायचीच नाही. असं किती वर्षं चाललं. तहान लागलेली असो नसो, आमच्या घरचं पाणी प्यायल्याशिवाय खाला उठली नाही.

दोन हजार सालाच्या आगेमागेची गोष्ट. धानोऱ्याच्या बाजाराला काळीपिवळी जीपमधून उतरताना खालाचा पाय चिखलात गेला. डोक्यावर टोपली. दुसऱ्या कोणी टोपली सोडून स्वतःला सावरलं असतं. हिनं टोपली सावरली आणि उजव्या गुडघ्यावर गरकन फिरली. एक बांगडी फुटली नाही, हे ती पुढे मोठ्या तोऱ्यात सांगे. गुडघ्यातली गादी मात्र फाटली. चालता चालता गुडघा मध्येच अडके, दाराची कडी अडकावी तसा, आणि ती बाजाराच्या मधोमध एका पायावर उभी राही. शेवटी तिचा मुलगा सलीम तिला नागपूरला घेऊन गेला आणि दुर्बिणीचं ऑपरेशन झालं.

दुर्बिणीचं ऑपरेशन आमच्याकडे तेव्हा नवीन होतं. लोकांचा हिशोब साधा होता, जेवढी चीर तेवढं ऑपरेशन. खाला घरी आली तेव्हा गल्लीतल्या बाया तिचा गुडघा पाहायला जमल्या. पट्टी काढून पाहिलं तर काय, दोन बारकी भोकं. काटा काढल्यासारखी. सगळ्यांचा हिरमोड झाला. याला काय ऑपरेशन म्हणायचं, एवढ्यासाठी नागपूर कशाला गाठलं, अशी चर्चा झाली. शेजारणीनं मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल कढत करून आणलं आणि मन लावून चोळलं. आणि सगळ्यात कळस म्हणजे खालालाही ते पटलं. भोकं सुकली, म्हणजे काम आटपलं. डॉक्टरनं दिलेला व्यायाम बाजूला ठेवून ती आठवड्याच्या आतच टोपली घेऊन माजरीला गेली, तिथं दिवसभर उकिडवी बसली, आणि संध्याकाळी तिला दोघींनी खांद्याला धरून बसमध्ये चढवलं. गुडघा दुधीभोपळ्यासारखा सुजला होता. त्यानंतर तो ना सरळ होईना, ना वाकेना.

मी तिला भेटले ती फिजिओथेरपीच्या खोलीत. मी चंद्रपूरला मामाकडे राहून कॉलेज करत होते आणि कबड्डी खेळत होते. चढाई करताना माझ्या गुडघ्यातली दोरी तुटली, माझंही नागपूरला दुर्बिणीतूनच ऑपरेशन झालं होतं. जटपुरा गेटाच्या बाजूच्या एका गल्लीत फिजिओच्या सरांची खोली होती. दोन पलंग, एक जाग्यावरची सायकल, भिंतीला धरायला लोखंडी दांडा. मी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. खेळ संपला, आता कशाला पाय उचलायचा, असं माझं चाललं होतं. शेजारच्या पलंगावरून एक हात आला, त्यानं माझं मनगट धरलं आणि आवाज आला, "ही तं धानोऱ्याच्या बाईची शोभी. रडून राह्यली का तू? रडाचं असन तं पाय वर करून रड. दोनी कामं होते."

मी पाय वर केला. रागानं केला, पण केला.

पुढचे कित्येक महिने आम्ही त्या खोलीत बरोबर काढले. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि मांडीचा जोर लावून ती दाबायची. टाच अंथरुणावरून घासत जवळ आणायची. पायाला वाळूची पिशवी बांधून पाय सरळ उचलायचा. मग बर्फ. ऐकायला पोरखेळ वाटतो, ज्यानं केलंय त्यालाच माहीत, डोळ्यातून पाणी काढतं ते. खाला रडायची नाही, शिव्या द्यायची. सरांना नाही, गुडघ्याला. त्याला ती ‘जावईबापू’ म्हणायची. "काऊन जावईबापू, आज मान टाकली वाटते. खाऊन खाऊन फुगले, वाकाले लाज वाटते?" सर मान खाली घालून हसत. तरणेताठे, शांत माणूस होते ते. खालाला त्यांनी माजरीच्या उद्योगावरून एकदाच सुनावलं होतं, की भोकं लहान असली तरी आतलं काम मोठं आहे, आणि तुम्ही ऐकणार नसाल तर इथं येऊ नका. खालानं ते ऐकून घेतलं. चूक कळली की ती एकदाच मान हलवायची, माफी वगैरे मागायची नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र टोळीच्या तेलाची बाटली घेऊन आलेल्या शेजारणीला तिनं दारातूनच परत पाठवलं. "आतमधी टाके हाय. तुले दिसत नाई म्हणून नाई का ते?" टाके नव्हतेच, पण शेजारीण घाबरून गेली, ते बरं झालं.

एक गोष्ट मात्र ती सरांचीही ऐकेना. चालणं सुधारलं, जिने चढता आले, तसं सर म्हणाले, आता खुर्ची वापरायची. जमिनीवर बसणं, उकिडवं बसणं बंद. सलीम तर वाटच पाहत होता. त्यानं बाजारात दुकानाची जागा पाहून ठेवली होती. काचेचं काउंटर, वर ट्यूबलाइट, आणि आईसाठी गादीची खुर्ची. आईनं आता उन्हातान्हात फिरू नये, असं त्याला मनापासून वाटत होतं, त्यात त्या पोराचं काहीच चुकलं नव्हतं. तो खोलीत येऊन सरांसमोर तिला समजावू लागला. खालानं त्याचं सगळं ऐकलं, मग शांतपणे म्हणाली, "खुर्चीवरचा मानूस हात वढते. खाली बसलेला मानूस हात धरते. मले वढाचं काम नाई करायचं." सलीमनं डॉक्टरचं नाव काढलं. "डॉक्टरनं गुडघा दुरुस्त केला, बेटा. मालक मीच हाय."

तो बिचारा चिडून निघून गेला. खालानं वाळूची पिशवी पायाला बांधली. मग मला म्हणाली, "तुले का वाटते, मी हट्टी हाय?" मी म्हटलं, हो. तिला ते आवडलं.

सरांनी हात टेकले, पण वाऱ्यावर सोडलं नाही. ते म्हणाले, बसणारच असाल तर शिकून बसा. मग दांड्याला धरून अर्धं वाकणं सुरू झालं, मग अजून थोडं. खाली जाणं जमायला लागलं तसं कळलं की अडचण खाली जाण्याची नाहीच, वर येण्याची आहे. सरांनी तिला उठायची रीत शिकवली. आधी कुशीकडे कलायचं, हात जमिनीला टेकवायचे, चांगल्या पायावर भार घ्यायचा, दुखरा पाय मागाहून. सावकाश. आणि एक गोष्ट त्यांनी आम्हा दोघींना बजावून सांगितली, कोणी हाताला धरून ओढायचं नाही. ओढलं आणि गुडघा फिरला, तर उरलेली गादीही जाईल आणि मग दुर्बिणही काही करू शकणार नाही. खालानं तेवढं मात्र अगदी शाळेतल्या पोरीसारखं पाठ केलं. "वढाचं नाई," ती स्वतःशीच म्हणायची.

मी पुन्हा कबड्डी खेळले का? खेळले. पहिल्यासारखी नाही, पण खेळले, आणि पुढे शाळेत पोरींना शिकवतेही आहे. दया करणाऱ्यांची तोंडं बंद करायला तेवढं पुरलं. गुडघा गेलेल्या पोरीला कोण करून घेईल, अशी काळजी आमच्या भावकीत बऱ्याच जणांना होती. त्याच शाळेतल्या एका मास्तरांनी करून घेतलं. लग्न ठरल्याचं सांगायला मी पठाणपुऱ्यात गेले, तेव्हा खाला वाळूची पिशवी बांधून खाटेवर बसली होती. तिनं माझं मनगट हातात घेतलं आणि म्हणाली, "चुडा मी भरतो. धानोऱ्याले येऊन. खाली बसून." सलीम आतून काहीतरी पुटपुटला. खालानं विचारलं, "तुही माय कशी हाय?" तशीच आहे, मी म्हटलं. लग्नाच्या तयारीत सगळ्यात जास्त तीच राबते आहे, आणि हळदीच्या दिवशी कोठीच्या खोलीतच बसेन म्हणते, तिनं पुढं आलेलं लोकांना चालायचं नाही. खालानं पाय वर उचलला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

आमच्या घरची एक रीत होती. हळदीच्या आधी नवरीचा आणि घरातल्या सगळ्या सवाशिणींचा हात भरायचा. भरून झालं की बांगड्या भरणारीला सुपात तांदूळ, हळदीकुंकू, खोबऱ्याची वाटी द्यायची. ती ते सूप घेऊन आपल्या पायानं उठली, की त्याच जागेवर हळदीचा पाट मांडायचा. ती उठेपर्यंत पाट नाही. काकू असल्या रिवाजात केसभर इकडंतिकडं होऊ देत नसे.

अंगणात जांभळाच्या डहाळ्यांचा मांडव घातला होता. खाला आली ती सलीमच्या बरोबर. काठी होती, पण ती तिनं मांडवाच्या खांबाला टेकवून ठेवली. आईनं आठवणीनं तिच्यासाठी खुर्ची मांडायला लावली होती, वर घडी घातलेली सतरंजी. खालानं खुर्चीकडे पाहिलं, एका हातानं ती बाजूला सरकवली आणि सगळ्यांच्या देखत हळूहळू खाली बसली. शेवटच्या वितीला तिचं तोंड आवळलं, पण बसली. डावा पाय मुडपला, उजवा गुडघा उभा केला, त्यावर पदर झटकला आणि म्हणाली, "आन नवरीले."

माझा हात भरला. हिरव्या बांगड्या, मध्ये लाल. मग काकूचा, मग चुलत्या, बहिणी, शेजारणी, रांगच लागली. खालाचं तोंड चालू, हात चालू. गुडघा थोडा कुरकुरत होता, तो आवाज मला ऐकू येत होता, कारण तसलाच एक मीही सांभाळते. सगळ्यांचं झालं. काकूनं सूप पुढे केलं. खालानं सूप घेतलं नाही.

"एक हात राह्यला," ती म्हणाली. "बाईले बोलवा."

काकूला वाटलं, पाणी हवं असेल. तिनं कोणाला तरी तांब्या आणायला सांगितलं. खाला म्हणाली, पाणी तिनं पुष्कळ पिऊन घेतलं आहे, आज तिला तहान नाही. मग सगळ्यांना समजलं. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. काकू तिच्याजवळ वाकून, आवाज दाबून समजावू लागली, की नवरदेवाकडची माणसं येतील, ती काय म्हणतील, शुभकार्यात असं करू नये. काकू दुष्ट नव्हती. तिच्या सासूनं तिला जे शिकवलं तेच ती सांभाळत होती, आणि त्या दिवशी ती खरोखर घाबरली होती. खालानं सगळं ऐकून घेतलं, सलीमचं ऐकायची तसंच.

"तुमचं बरोबर असन," ती म्हणाली. "मले वाद नाई घालायचा. मी फकस्त बसली हावो. हिचा हात भरल्याबिगर मी उठत नाई."

कोणीतरी म्हणालं, हाताला धरून उठवा हो म्हातारीला. दोघी पुढे झाल्याही. तेव्हा मी हळदीची नवरी मांडवात ओरडले, खबरदार तिला कोणी ओढलं तर. डॉक्टरांनी सांगितलं आहे, ओढायचं नाही. गुडघा गेला तर जबाबदारी कोणाची? त्या दोघी जागच्या जागी थांबल्या. खालानं माझ्याकडे पाहिलं. मनगटाकडे नाही, तोंडाकडे पाहिलं. आणि मला तेव्हा उमगलं, की इतके महिने ती दांड्याला धरून कशासाठी वाकत होती. धंद्यासाठी होतंच. पण ह्यासाठीही होतं.

वेळ जाऊ लागला. हळद वाटून तयार होती, पाट हातात घेऊन एक चुलती उभी होती, वाजंत्रीवाले चौथ्यांदा विचारून गेले. खाला मांडवाच्या मधोमध बसून टोपलीतल्या बांगड्या पुसत होती, एकेक. घाई तिला नव्हतीच. शेवटी काकू वळली, कोठीच्या खोलीच्या दाराशी गेली आणि रडवेल्या आवाजात म्हणाली, "ये व बाई. ये बाहेर. नाई तं ही बया उठत नाई, आन् पोरीची हळद खोळंबते."

आई बाहेर आली. हात पिठानं भरलेले होते, ते तिनं पदराला पुसले. ती खालासमोर बसली आणि खालानं तिचा हात आपल्या गुडघ्यावर घेतला. चाचपला नाही, विचारलं नाही. टोपलीच्या तळाशी कापडात गुंडाळलेल्या बांगड्या होत्या, त्या काढल्या. सव्वादोनच्या. इतकी वर्षं तांब्या घेता घेता तिनं ते माप पाठ केलं होतं. आईचा हात कडक झालेला, कामानं हाडं जाड झालेली. पहिली बांगडी अडली. खालानं गुडघा वर केला, त्याला कळ आली असणार, कारण तिचा श्वास अडकला. मग बांगडी पार झाली. आई ढसाढसा रडली. मीही रडले, आणि त्याची मला अजिबात लाज वाटली नाही. खाला म्हणाली, "रडू नको व बाई, हात हालते."

दोन्ही हात भरले. खालानं सूप घेतलं, कडेला ठेवलं, आणि कुशीकडे कलून हात जमिनीला टेकवले. अर्ध्यावर येऊन थांबली. सलीम पुढे झाला, तिनं मानेनंच नाही म्हटलं. मी पुढे झाले, मलाही नाही. मग तिनं आईकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुहा हात दे. वढू नको. फकस्त ठेव." आईनं हात पुढे धरला. खालानं त्या नव्या बांगड्यांच्या वर, कोपराशी पकड घेतली, आणि उठली. त्या जागेवर हळदीचा पाट मांडला गेला. मला पहिली हळद आईनं लावली. नवरदेवाकडची माणसं आली, जेवली, आणि बांगड्यांकडे कोणाचं लक्षसुद्धा गेलं नाही. पुढे भावकीत बोलणारे बोलत राहिले. आई हात पुढे करून त्यांना चहा देत राहिली.

खाला पुढे आणखी काही वर्षं फिरली. कमी गावं, पण खाली बसूनच. गेली ती गुडघ्यानं नाही, तापानं गेली. मी आणि आई पठाणपुऱ्यात पोचलो तेव्हा तिला आंघोळ घातलेली होती. मी आधी मनगट पाहिलं. रिकामं होतं, आणि मला ते इतकं अनोळखी वाटलं की क्षणभर मी तोंडाकडे पाहायचंच विसरले. फार प्रेम होतं माझं तिच्यावर. तिच्या हयातीत असलं काही बोलले असते तर ती म्हणाली असती, पाय वर करून बोल.

सलीमनं नंतर ते दुकान घेतलंच. काचेचं काउंटर, ट्यूबलाइट, गादीची खुर्ची, सगळं. त्याची बायको नसरीन तिथं बसते. चांगली आहे, गोड बोलते. मागं आई चंद्रपूरला आली तेव्हा तिच्या हातातली एक बांगडी कमी झाली होती, म्हणून तिला त्या दुकानात घेऊन गेले. भर दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी. नसरीननं काउंटरवरून हात पुढे केला आणि म्हणाली, द्या काकू, हात द्या इकडं.

आईनं हात दिला नाही. जी बाई कधीकाळी कोठीच्या दाराआड उभी राहायची, ती माझी आई भर बाजारात दुकानाच्या फरशीवर मांडी घालून बसली. लोक बघू लागले. मी म्हटलं, अगं, खुर्ची आहे ना.

"राहू दे खुर्ची," आई म्हणाली. "मी खाली बसून भरतो. नाई तं मी उठत नाई."

नसरीननं एकदा सलीमकडे पाहिलं. सलीम भिंतीवरच्या खालाच्या फोटोकडे पाहत होता. मग ती काउंटरच्या मागून बाहेर आली, ओढणी खोचली, आईसमोर फरशीवर बसली आणि तिनं उजवा गुडघा उभा केला.